बाबांच्या दाढीचे दिवस

आरमोरी
२ डिसेंबर ८६, मंगळ.

काल बाबांना चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय गेलाय. जीभ जड, शब्द अर्धाच बाहेर येतो.
तीन आठवडे दाढीला कुणाचा हात नाही. त्यांनीच लावू दिला नाही. वस्तरा दिसला की डावा हात हनुवटीवर. आता दाढी म्हणजे भाताची वाळलेली तणस. पेजेची शितं चिकटून खडे झालेत. मी अंगाच्या साबणाने खसाखसा धुतली. वाळल्यावर आणखी ताठ झाली.
आईला जाऊन चार वर्षं होतील. दाढीचं सगळं तीच बघायची. कसं, ते मी कधी विचारलं नाही.
शाळेतून रजा पंधरा दिवसांची.

५ डिसें. शुक्र.

बाबा डाव्या हाताने सारखे खाजवतात. आज उशीला रक्त. हनुवटीखाली फोड आलाय, केसांत नीट दिसत नाही.
डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "बाई, दाढी काढून टाका. औषध लावायचं कुठे?"
बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर गेले तरी तसेच.
डाव्या गालावर केस उगवत नाहीत. उजवीकडची दाढी आडवी ओढून तिथे बसवलेली असते. अस्वलाने ओरबाडलं होतं. मी तेव्हा तीन वर्षांची. खाली काय आहे ते मी पाहिलेलं नाही, माझ्या धाकट्या भावाने, सुरेशनेही नाही.

७ डिसें. रवि.

सु. बल्लारपूरहून आला. येताना चौकातून न्हावी नामदेवभाऊंना घेऊनच आला. मला विचारलं नाही.
"काढून टाक ना, ताई. काऊन एवढा त्रास करून घेतं? दाढी काढली तर मी बाबाले घेऊन जातो क्वार्टरवर. तुह्या भावजयीले हे असं धुणंपुसणं जमणार नाई, पण बाकी सगळं करते ते."
म्हणजे दाढी गेली की मी सुटले. असं तो बोलला नाही, पण अर्थ तोच.
नामदेवभाऊंनी वस्तरा काढला. बाबांनी हात उचलला नाही या वेळी. नुसतं डोळ्यांतून पाणी. मीच म्हटलं, जा भाऊ.
सु. रागावला. "मंग कर तूच." जेवला नाही, तीनच्या बसने गेला.
नामदेवभाऊ मात्र दारात थांबले. "बाई, साबण नोका लावू. गरम पाण्याचा फडका ठेवा पहिले, केस नरम होऊ द्या. मंग तेल. बोटाच्या टोकानं मुळाशी, वरवर नाई. अन् फणी टोकापासून धरा. टोक सुटलं की जरासं वर. वरून ओढाल तर रडवाल त्यायले."

११ डिसें. गुरु.

तसंच करतेय. सकाळी गरम फडका, दोनदा बदलून. रिठ्याचं पाणी एक दिवसाआड. पुसताना घासायचं नाही, नुसतं दाबायचं. मग खोबरेल. लाकडी फणी. पाऊण तास जातो. मिशीचे केस तोंडात जात होते, तेवढे कात्रीने ओठाबरोबर केले. हे करू दिलं.
उशीच्या अभ्र्यात केस अडकतात, म्हणून वर मऊ धोतराची घडी टाकली.
फोड तसाच. खाज थोडी कमी. माझी कंबर मात्र

१६ डिसें. मंगळ.

रजा संपली. शाळा सुरू. दिवसभर शेजारच्या सखूबाई बसतात. पाचला उठायचं, बाबांचं अंग पुसणं, दाढी, पेज, मग शाळा. आज चौथीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना हात थांबला. कोणती तारीख तेच आठवेना. मुलं हसली. मु.अ. म्हणाले, बाई, तब्येत बघा.
बोटांना तेलाचा वास, वह्यांना डाग.

२० डिसें. शनि.

सकाळची शाळा. दुपारी बाबा गाढ झोपले होते. फडका तोंडावरून काढला आणि मनात आलं, आत्ताच काढून टाकावी. कात्री हाताशी होती. दहा मिनिटांचं काम. जागे होतील तेव्हा झालेलं असेल. सु. घेऊन जाईल. मला रविवार मिळेल. एक पूर्ण रविवार.
कात्री खरंच उचलली होती.
हे लिहून ठेवते. कुणाला सांगणार नाही.

२३ डिसें. मंगळ.

आत्या आली गावाहून, बाबांची धाकटी बहीण. बाटलीतून टोरीचं तेल आणलं, मोहाच्या बियांचं. थंडीने तुपासारखं गोठलेलं. चुलीशी ठेवून पातळ केलं.
बाबांना वास आला तसे डोळे उघडले. खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले.
आत्याने दाढीला हात लावून पाहिला. "खोबरेलानं होत नाई हे. तुही माय हेच लावे."
मग अंगणात धान पाखडता पाखडता सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
"दादा मोहफुलं वेचाले गेला तवा अस्वलीनं धरला. दोन महिने दवाखान्यात. घरी आला, पट्टी सुटली होती. तू पळत आली अन् तोंड पाहून अशी किंचाळली की बस. मंग जवळ जाय नाई. त्यानं हाक मारली का तू बाजेखाली. महिना गेला असंन. मंग त्यानं दाढी ठेवली. मंग तू जवळ गेली, पण म्हणे टोचते. म्हणून तुही माय रोज तेल लावे. नरम झाली तवा तू मांडीवर बसली त्याच्या."
मी म्हटलं, मला काहीच आठवत नाही.
"कसं आठवंन? तीन वर्साचं लेकरू. त्याले आठवते."
आत्या पाखडत राहिली. मी घरात आले. बाबा जागे होते. पाणी पाजलं.

२४ डिसें. बुध.

आज शाळेत नीट शिकवलं नाही.

३० डिसें. मंगळ.

टोरीच्या तेलाचा गुण. दाढी मऊ झाली, खरंच. बोटं अडकत नाहीत. वास उग्र आहे, सखूबाई नाक मुरडतात. बाबा आता स्वतःच्या डाव्या हाताने दाढीवरून हात फिरवतात, खाजवत नाहीत.
रविवारी वंदना म्हणताना दोन शब्द स्पष्ट आले. बुद्धं आणि सरणं. पुढचं पुटपुटणं.
फोड मात्र मोठा. तेल तिथे चालत नाही, बाजूने लावते.

४ जाने. ८७, रवि.

सु. आला. दाढी पाहून जवळ बसला. हात लावून पाहिला, मग बराच वेळ हात तिथेच ठेवला. त्याला आत्याचं बोलणं सांगितलं. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.
"तरी, ताई, तू किती दिवस करशीन?"
मी चहा ठेवला. जाताना म्हणाला, बायकोशी पुन्हा बोलून पाहतो. बघू.

७ जाने. बुध.

फोडात पू. बाबांना ताप. डॉक्टर चिडले. "मी महिन्यापूर्वी सांगितलं होतं. सोमवारपर्यंत सुकला नाही तर चंद्रपूरला न्या. तिथे विचारत बसणार नाहीत, सरळ वस्तरा फिरवतील." निदान फोडाभोवतीची जागा तरी मोकळी करा, म्हणाले.
डॉक्टरांचं बरोबर आहे. पहिल्याच आठवड्यात ऐकलं असतं तर ताप नसता. मी कुणासाठी थांबले, बाबांसाठी की

९ जाने. शुक्र.

शाळेत गेले नाही. ताप उतरला थोडा.
दहाच्या सुमारास उन्हात बाज टाकली. गरम फडका ठेवला, तेल लावलं, केस ओढले जाऊ नयेत म्हणून. बाबांना सांगितलं, "फोडापुरते केस कापते. बाकीच्याला हात लावत नाही."
डावा हात छातीवर होता. तिथेच राहिला.
कापायला लागले. चार बोटं जागा मोकळी झाली. हनुवटीचं हाड एका बाजूने आत गेलेलं. कातडी चकचकीत, चुरगळलेल्या कागदासारखी. मी आरसा आणला नव्हता, पण बाबांना आरसा नकोच होता. ते माझ्याकडे बघत होते. कापूस दाबला, औषध लावलं, तेव्हाही माझ्याकडेच. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही.
डाव्या गालावर ओढलेली बट आता सुटली होती. ती उचलून परत बसवायला गेले तर बाबा बोलले. स्पष्ट.
"राहू दे."
मी विचारलं, "काय राहू देऊ, बाबा? केस तसेच राहू देऊ, की कापणं?"
त्यांनी डोळे मिटले. ऊन चांगलं होतं. लगेच झोप लागली.
बट तशीच सुटलेली, डावा गाल उघडा. सु. परवा येणार. कात्री धुऊन ठेवली.