हौदात बसणाऱ्याची कैफियत

लातूर,
वैशाख वद्य षष्ठी

तीर्थरूप महादेवप्पा अण्णांच्या चरणी गुंडप्पाचा शरणार्थ. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि नांदेडच्या नळाचं पाणी, तिन्हींची मनापासून चौकशी करतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, ते खरं धरू नका. तुम्ही माझे थोरले मेहुणे, शिवकन्या तुमची सख्खी धाकटी बहीण, तेव्हा तिची तक्रार मी दुसऱ्या कुणाकडे करणार? पत्र शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं दिसत नाही.

मुद्दा पुस्तकांचा आहे. लातूर जिल्हा झाला (पेढे वाटले होते, तुम्हीही आग्रहाने दोन खाल्लेत) तेव्हापासून बदलीवर आलेले साहेब लोक घरं शोधत गल्लोगल्ली फिरू लागले. आपलीही पुढची खोली एखाद्या साहेबाला द्यावी असं शिवकन्येने ठरवलं. त्या खोलीत माझी पुस्तकं होती. पुस्तकं भाडं देत नाहीत, एवढाच तिचा युक्तिवाद. मग पुस्तकं माजघरात आली, तिथून ज्वारीच्या पोत्यांवर गेली, तिथे वाळवी लागली. शेवटी माझं लक्ष अंगणातल्या हौदाकडे गेलं. वडिलांनी जमिनीखाली बांधलेला, माणूस उभा राहील एवढा खोल, वर लोखंडी झाकण, आणि दुष्काळामुळे कोरडा ठणठणीत. वाळवी नाही, धूळ नाही, साहेब नाही. मी तो झाडून घेतला, विटांवर फळ्या मांडल्या, कडुनिंबाचा पाला पसरला आणि शिडी लावून सगळी पुस्तकं खाली उतरवली. अण्णा, खरं सांगतो, लातूरच्या वैशाखात इतकी थंड जागा कुठल्या साहेबाच्या बंगल्यातही नसेल. आमच्या कापडाच्या दुकानात सध्या गिऱ्हाईक फिरकत नाही. मी दुपारी कुलूप लावून घरी येतो आणि बनियनवर खाली उतरतो. झाकणातून पडणारा उजेड सरकेल तसा मीही पुस्तक घेऊन सरकतो.

यात कुणाचं काय गेलं? पण कुणी मला विचारायला आलं, की तुमची बहीण भाकरी थापता थापता आतूनच सांगायची, "हौदात बसलेत." पुढे 'वाचत' हा एक शब्द जोडायला तिला काय कष्ट पडत होते? अख्खी गल्ली एकेका घागरीसाठी भांडतेय आणि गुंडप्पा दुपारभर हौदात बसतो, ही बातमी सगळीकडे झाली. शेजारच्या चतुराबाईंनी तर मला टॉवेल गुंडाळून हौदातून निघताना डोळ्यांनी पाहिलं म्हणे. (टॉवेल घाम पुसायचा होता आणि खांद्यावर होता. खाली धोतर होतं.) पुढे ते टँकरवाल्याच्या कानावर गेलं. या गल्लीत लोक पाण्यात डुंबतात असं समजून त्याने टँकर पलीकडच्या गल्लीकडे वळवला.

मग आमची गल्ली रिकाम्या घागरी घेऊन अंगणात आली. मी खाली होतो. कादंबरीत नुकताच खून झाला होता. वर पाहतो तो झाकणाभोवती डोकीच डोकी. चतुराबाई म्हणाल्या, "भाऊजी, लेकरं तहानेनं तडफडून राहिली अन् तुमी हितं डुंबून राहिले?"

मी म्हणालो, "बाई, पाणी कुठाय? हितं पुस्तकं हायत."

डोकी आणखी आत वाकली. मग समोरचे मलप्पा म्हणाले, "गुंडप्पा, येवढा हौद गल्लीत दुसरा न्हाई. यात टँकर रिता केला तर समद्यांना पुरंल." यावर तुमची बहीण लगेच "हाव" म्हणाली. हौद माझ्या वडिलांचा, पुस्तकं माझी, आणि होकार तिचा. तरीही तहानलेल्या लेकरांकडे पाहून मी स्वतः उठून उभा राहिलो आणि म्हणालो, काढा पुस्तकं. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण दुसरं कुणी करणार नाही.

बायकांनी रांग लावली. घागरी हातोहात पुढे जातात तशी पुस्तकं गेली. पण ती घरात कुठे ठेवणार? खोलीत साहेब आहे. ज्याच्या हाती जे आलं ते तो "पाऊस पडेपर्यंत सांभाळतो" म्हणत आपल्या घरी घेऊन गेला. मलप्पांनी टँकरवाल्याची समजूत काढली, त्याच संध्याकाळी टँकर आला आणि माझ्या वाचनालयात गळ्याइतकं पाणी भरलं.

आता माझी अवस्था ऐका. ती खुनाची कादंबरी तीन भागांची आहे. पहिला भाग चतुराबाईंकडे, दुसरा मलप्पांकडे, तिसरा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. माझंच पुस्तक मला कुणी उचलू देत नाही. "हितंच बसून वाचा की," म्हणतात. बसलं की चहा येतो. कपाच्या बुडाशीच असतो, पण टंचाईतल्या पाण्याचा चहा नाकारता येत नाही. चहाबरोबर सुनेचं गाऱ्हाणं, पोराचं लग्न, म्हशीचा चारा. मलप्पांनी दुसरा भाग वाचून काढला आणि खुनी कोण ते मला सांगून टाकलं, तेही चुकीचं, हे शिंप्याकडे तिसरा भाग चाळल्यावर कळलं. चतुराबाईंना अक्षर ओळखता येत नाही, म्हणून पहिला भाग मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यातली बाई खोटं बोलली की चतुराबाई मला झापतात. अण्णा, मी वाचक आहे की पुराण सांगणारा स्वामी? माणसाने स्वतःच्या पुस्तकासाठी दारोदार फिरायचं, हा कुठला न्याय? बहिणीला चार शब्द कडक लिहा. तुमचं ती ऐकते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
गुंडप्पा

ता. क. तुमच्या परसातला जुना हौद हल्ली वापरात नाही असं ऐकतो. तुम्हाला गोदावरी आहे, तुम्हाला हौदाचं काय काम? कोरडा असेल तर किती खोल आहे ते कळवा. पत्र खरं म्हणजे त्यासाठीच लिहिलं. रविवारी लोकांच्या हातापाया पडून पुस्तकं गोळा करतो, ट्रकने पाठवतो, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस मीही येत जाईन.

आणखी एक. पाकीट चिकटवायला आणि टपालात टाकायला शिवकन्येकडे देतो आहे. तिला वाचायचा कंटाळा, तेव्हा मोकळेपणाने लिहिलं.

अण्णा, शिवकन्येचा नमस्कार. समदं वाचलं. हे काई उठून 'काढा' म्हणाले न्हाईत. शेवटचं पुस्तक वर येईपर्यंत वाचतच बसले होते. टँकरचा पाईप आत सोडला तवा शिडी चढले. पुस्तकं लोक आजबी परत देतील, पण देऊ नका म्हणून मीच सांगितलंय. लग्न होऊन येवढी वर्षं झाली, हा माणूस गल्लीत कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता. परवा चतुराबाईच्या सुनेला ताप आला तर हेच दवाखान्यात घेऊन गेले. जेवताना आता ताटाशेजारी पुस्तक नसतं. कुणाच्या घरी काय झालं ते मला सांगत बसतात, अन् मी ऐकते. तुमचा हौद कोरडा हाय हे मला ठाव हाय. तरी भरलाय म्हणून कळवा.