फळ्यावरचे बारा शब्द

१४ जुलै, सोम.
आमच्या कंपनीचे मालक भाऊ मुंबईला कसल्याशा परिषदेला जाऊन आले. धुळ्याच्या ऑफिसात पाऊल टाकताच फर्मान: केळीवाल्यांच्या साइटवरचं ओटीपी बंद, आता वॉलेटने, म्हणजे फोनमधल्या डिजिटल पाकिटाने लॉगिन. "ब्लॉकचेनवर एकदा सही झाली की ती पुसता येत नाही. बाहेरचं गिऱ्हाईक त्यालाच भुलतं." म्हटलं, शिरपूरकडच्या एक्केचाळीस शेतकऱ्यांचा गट आहे, फवारणीची नोंद फोनवर करायला शिकवताना माझं वर्ष गेलं. तर म्हणे, "तुम्ही आहात ना." आहे ना. मीच असते नेहमी.

१७ जुलै, गुरु.
आबांचा उजवा हात अजून उचलत नाही. पुणं सोडून वडिलांसाठी पिंप्राळ्यात परत आले, त्याला दीड वर्ष होईल. घरून काम करू देणारं इकडे भाऊंखेरीज कुणी नाही, आणि हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. म्हणून मान डोलवायची. आबांना सांगितलं काय चाललंय ते. "कुलूप बदललं म्हणून घर बदलतं का गं?" म्हणाले. भाऊंना सांगा म्हटलं, तुमचं ऐकतील.

२४ जुलै, गुरु.
वॉलेटचं लॉगिन चाललं. फोनमधलं वॉलेट उघडायचं, सही दाबायची, साइट माणूस ओळखते. वॉलेटची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. प्रत्येकाचे वेगळे, ज्याचे त्याने जपायचे.
एकाच वॉलेटवरून दोन माणसं आली तर अडवायचं, ते राहिलंय. नंतर बघू. असं करणारे कोण?

२ ऑग., शनि.
धुळ्यात ट्रेनिंग. हॉल भाड्याचा, पंखे दोन, नेटची बोंब. नवीन वॉलेट कुणाचंच उघडेना. शेवटी चाचणीसाठी ठेवलेल्या माझ्या वॉलेटचे बारा शब्द फळ्यावर लिहिले, 'जुनं वॉलेट' दाबून कसं आत जायचं ते दाखवलं, आणि नेटवाल्याशी भांडायला खाली गेले. वर आले तर बठ्ठे, सगळेच्या सगळे, लॉगिन! गटातल्या सुमनअक्कांनी फोन उंच करून दाखवला. दीड वर्षात पहिल्यांदा असं वाटलं की आपल्याला काहीतरी येतं. येताना आबांसाठी जिलेबी घेतली.

१४ ऑग., गुरु.
गटाच्या साइटवर सभासद: १.
एक.
तासभर वाटलं मोजणीच चुकलीय. मग एकेकाची सही उघडून पाहिली. सगळ्या एकाच वॉलेटच्या. माझ्या. एक्केचाळीस जणांनी फळ्यावरचे शब्द जसेच्या तसे आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतले होते. बारा दिवसांच्या फवारण्या, एक्केचाळीस बागा, माणूस एक. पुसता येत नाही. भाऊंना हेच तर हवं होतं.

१५ ऑग., शुक्र.
अक्कांना फोन केला. लॉगिन झाल्यावर वर नाव कुणाचं येतं? म्हणाल्या, "रमणनानानं." रमणनानांचं. ते गटाचे अध्यक्ष, पहिले तेच आत गेले होते, त्यांनी टाकलेलं नाव वॉलेटला चिकटलं. म्हटलं, अक्का, तुमच्या फोनवर त्यांचं नाव, तुम्हाला काहीच वाटलं नाही? "गटना कागदवर अध्यक्षनंच नाव राहस ना ताई."
बरोबर आहे. खताच्या पावतीपासून सत्काराच्या नारळापर्यंत सगळं नानांच्या नावावर. त्यांनी का शंका घ्यावी? शंका घेण्याचा पगार मी घेते.

१९ ऑग., मंगळ.
मुंबईच्या व्यापाऱ्याने परदेशी जाणारा केळीचा कंटेनर थांबवला. "एकच माणूस सकाळी सात वाजता एक्केचाळीस बागांत फवारतो कसा?" आता नव्याने सह्या घेतल्या तर तारीख आजची पडणार, ते चालत नाही. घड झाडावर तयार. थांबा सांगितलं तर थांबतात थोडेच. गटाचा पहिला कंटेनर होता हा. माल इथल्याच बाजारात जाईल, मिळेल त्या भावाने.
ताट झाकून ठेवलं. आबांनी दोनदा विचारलं, जेवली का. हो म्हटलं.

२१ ऑग., गुरु.
धुळे. भाऊंनी अध्यक्षांना आणि अक्कांना बोलावून घेतलं होतं. "अडाण्यांच्या हाती तंत्रज्ञान दिलं की असंच होतं. एकमेकांचे पासवर्ड वापरता? पुढचा कंटेनर दुसऱ्या गटाला." नाना खाली बघत होते. नखाने टेबलाची सनमायका खरवडत होते. अक्कांनी पदर सारखा केला.
शब्द फळ्यावर मी लिहिले होते, एवढंच वाक्य. मराठीच. तोंडातून निघेना. बोलले असते तर गटाचा पुढचा कंटेनर वाचला असता आणि माझी नोकरी गेली असती. मग परत पुणं, आणि आबा इथे एकटे, एका हाताने. हे सगळं तिथे बसल्या बसल्या मोजत होते मी. लाज वाटते लिहायला. तरी लिहिते.
भाऊ मला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका ताई."

२३ ऑग., शनि.
दिवसभर काही केलं नाही. लॅपटॉप उघडला, मिटला. 'एकाच वॉलेटवरून दोन माणसं' ते अडवायला आज चार ओळी लागल्या. चार. आबा म्हणाले, डोळे सुजलेत तुझे. कांदा चिरला म्हटलं. घरात आज कांदाच नव्हता, त्यांनाही माहीत असणार.

२४ ऑग., रवि.
सकाळी अक्कांचा फोन. मला वाटलं, कळलं. तर म्हणतात, "ताई, भाऊले राग यी गया. आम्हले माफीनं पत्र लिखी दे. तुन्हं मराठी चांगलं शे. बठ्ठा सही करतीन, उद्या धुळाले दीसूत."
नाही म्हणायला हवं होतं. "काय लिहू?" विचारलं.
"लिख, आम्हनी चूक व्हयनी. ताईनी ते बरोबर शिकाडेल व्हतं."
लिहिलं. अर्ध्या पानाचं झालं. भाषा चांगली जमलीय. खाली सह्यांसाठी एक्केचाळीस रेघा मारल्या, नावं घातली, अक्कांचं सातवं. एक रेघ जास्तीची पडलीय, सगळ्यात खाली, बेचाळिसावी. तिच्यासमोर अजून नाव नाही. अक्कांचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत, पत्र झालं का म्हणून.