दाढीवाल्याचं वर्ष

दि. ४ जून

चि. गोट्यास,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. टीव्हीवर खेळायचा कुस्तीचा यंदाचा नवा व्हिडिओ गेम अगदी व्यवस्थित, डबीला साधा ओरखडा नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात मी इकडे कुजबुजले तरी बाबा तिकडून उत्तर देतात. म्हणून चष्म्याच्या दुकानात बसून लिहितेय. गिऱ्हाईक गेलं की दोन ओळी, असं चाललंय. शेजारी काच घासायचं मशीन घरघरतंय, त्यात फोनवरचं ऐकू येत नाही आणि टेबलही हलतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

डबीवरचा पैलवान बघताच बाबांनी नामकरण करून टाकलं: यंदाचा अंबाडेवाल्याचा. जन्मभर लोकांचे केस कापलेला माणूस, त्याला पैलवानाचे दंड दिसतच नाहीत. आधीचे सगळे खेळही आपल्या घरात असेच ओळखले जातात, टकल्याचा, जटावाल्याचा, दाढीवाल्याचा. त्यावर कोणतं साल छापलंय ते मला आजही सांगता येणार नाही.

आता खरी बातमी, आणि ती चांगली नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात छान सुधारलाय. डॉक्टर म्हणाले की आपल्या सलूनमध्ये कामाला जायला काहीच हरकत नाही. पण बाबा कसले ऐकतात! दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा ठेवायचा तर आपल्या हाताची आपल्याला खात्री हवी, असं म्हणून त्यांनी स्वतःची परीक्षा स्वतःच ठरवली. मला खेळात पूर्वीसारखं लोळवायचं, आणि मगच दुकानात पाय ठेवायचा. त्यासाठी तुझ्या पार्सलची वाट बघत बसले होते.

हरले रे. रोज हरताहेत. त्यांचा पैलवान ऐन मारामारीत दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना अभिवादन करत उभा राहतो, आणि माझा त्याला उचलून आपटतो. पहिल्या दिवशी मी हसून हसून बेजार झाले. बाबाही हसले. आता हसत नाहीत. अंगठा ऐकत नाही, एवढंच एकदा म्हणाले. आणि काल सलूनमधल्या कारागिराला घरी बोलावून सलूनची किल्ली त्याच्या हातात ठेवली. तो बिचारा घेईना. शेवटी म्हणाला की किल्ली ठेवतो, पण खिडकीजवळची बाबांची खुर्ची हा महिना रिकामी राहील, नंतर मात्र मला माणूस बसवावाच लागेल.

मला काही सुचत नाही. वेळेवर जेवत जा, आणि ताईवरचा लोभ पत्रातूनही कळू दे.

तुझी,
ताई


दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. खाली लोक ओरडत होते की लिफ्ट कधी सुरू होणार, आणि मी वर पाना हातात धरून नुसता बसलेलो.

बाबा तुझ्याकडून हरले, हे माझ्या डोक्यातच शिरत नाही. राग मानू नकोस, पण तू म्हणजे दिसेल ते बटण बडवणारी. बाबांची सगळी मदार पलटीवर. समोरच्याचा डाव पार अंगावर येईपर्यंत थंड बसायचं, आणि नेमक्या क्षणी बटण दाबून तो त्याच्यावरच उलटवायचा. मला ते आयुष्यात जमलं नाही. मी घाई करतो, तू विसरतेस.

मी यंदाचा खेळ पाठवला तो मोठ्या हौसेनं गं. टकल्याच्या वर्षी पैलवान लाकडाचे वाटायचे. जटावाल्याच्या वर्षी त्याच्या जटा खांद्यातून आरपार जायच्या, आणि बाबा करवादायचे की याला कुणी कंगवा दाखवलाय की नाही. दाढीवाल्याच्या वर्षी घामानं दाढी ओली व्हायला लागली, तर ते खेळायचं सोडून दाढीच बघत बसले, आणि तेवढ्यात मी त्यांना आपटलं. मी त्यांना हरवलंय ते तेवढं एकदाच. यंदाचा सगळ्यांत देखणा आहे. केसन्‌केस मोकळा हलतो. म्हटलं, आजारातून उठलेल्या माणसाला गंमत वाटेल.

तू थोडी हरत का नाहीस? तेवढं तर जमेल! आणि एक कर, जुने खेळ काढून एकेक लावून बघ. कदाचित यंदाचा वेग जास्त असेल आणि त्यांची नजर पुरत नसेल. तसं असलं तर मला लगेच कळव.

बाबांना नमस्कार सांग, आणि माझ्यावर जीव असू दे.

तुझा,
गोट्या


दि. १७ जून

चि. गोट्यास,
अ. उ. आ.

हरून बघितलं. दुसऱ्या मिनिटाला पकडली गेले. बाबा एवढे दुखावले की जेवताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजारी आहे म्हणून मला खेळवू नकोस, असं म्हणाले.

आता नीट बसून वाच. रविवारी बाबा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे गेले होते, तेव्हा तू सांगितल्याप्रमाणे सगळे खेळ काढले. टकल्यापासून सुरुवात केली. वेग सगळ्यांचा सारखाच, निदान मला तरी फरक कळला नाही. दाढीवाल्यापर्यंत आले आणि म्हटलं, बाबांसारखी पलटी मारून तर बघू. अंगठ्याखालचं वरचं बटण, हे इतकी वर्षं शेजारी बसून बघितलेलं. दहादा चुकले, पण एकदा जमली. मग यंदाचा लावला, तेच बटण दाबलं, आणि माझा पैलवान दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना अभिवादन करत उभा राहिला.

गोट्या, खेळ बनवणाऱ्यांनी बटण बदललंय रे! पलटी यंदा बाजूच्या बटणावर गेलीय. सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात तशी सूचनाही येते, मुंगीएवढ्या अक्षरात. लोकांना चष्मे लावून देणारी मी, मला ती दिसली नाही. बाबा तर बटणाकडे कधी बघतच नाहीत, कात्रीकडे न बघता कापतात तसंच. त्यांचा अंगठा बरोबर जागी आणि बरोबर क्षणी पडत होता. रोज. आणि मी हसत होते.

हाताला काहीही झालेलं नाही. त्यांना मात्र वाटतंय की हात गेला. परवापासून त्यांनी व्यायामही सोडलाय, कशाला करायचा म्हणाले. आल्या आल्या सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. आता तू सांग काय करू. उलट टपाली लिही, तोवर मी तोंडाला कुलूप लावून बसते.

तुझी,
ताई


दि. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. म्हणजे बटण बदललंय हे माहीत होतं. मी स्वतः दोन दिवस अडखळलो, मग सवय झाली आणि विसरून गेलो. पार्सलमध्ये एक ओळ लिहून टाकली असती तर? सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. आज दोनदा चुकीच्या मजल्यावर उतरलो, आणि लिफ्ट दुरुस्त करायला मीच आलेलो.

पण ताई, आत्ता त्यांना बटणाचं सांगू नकोस. किल्ली आपण उगाच दिली, हे कळलं तर ते स्वतःला बोल लावत बसतील. त्यापेक्षा काहीएक न बोलता दाढीवाल्याचा लाव. नव्याची तबकडी अडकते म्हण, काहीही म्हण. तू मन लावून खेळ, अजिबात सोडू नकोस. ते जिंकतीलच. एकदा जिंकले की स्वतःच्याच पायांनी सलूनकडे निघतील, आणि बटणाची गोष्ट आपण पुढे कधीतरी हसत सांगू. महिना संपायला अजून वेळ आहे.

मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच आलो असतो. जे होईल ते लगेच कळव, आणि या वेंधळ्या भावाला पदरात घे.

तुझा,
गोट्या


दि. २ जुलै

चि. गोट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी दाढीवाल्याचा लावला. बाबा आधी नको म्हणाले, मग माझं मन राखायला बसले.

काय खेळले म्हणून सांगू! मी मारायला जावं आणि मीच पाठीवर पडावं. तुझी शपथ, मी हातचं काही राखलं नाही. दात-ओठ खाऊन खेळले, एकदा तर चिडून त्यांचं कोपरही ढकललं. बाबा एक नाही, तीन कुस्त्या जिंकले. तिसऱ्या वेळी खळखळून हसले. झटक्यानंतर तसं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग हातातला कंट्रोलर हळूच खाली ठेवला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की या वेळी छान हरलीस, अजिबात कळू दिलं नाहीस.

मी शपथा घेतल्या, रडले. मग तुझं ऐकलं नाही, सगळं सांगून टाकलं. दोन्ही खेळ आलटून पालटून लावले, बटण दाखवलं, कोपऱ्यातली सूचना भिंगाखाली धरून वाचायला लावली. त्यांनी शांतपणे वाचली, मान डोलावली. मग विचारलं की बटणं फिरवून ठेवायची ही युक्ती तुझी की गोट्याची. म्हणाले, पत्रं येताहेत-जाताहेत ते मला दिसत होतंच, बापासाठी एवढं डोकं चालवता, गुणी आहात दोघं. मी आवाज चढवला तर मलाच पाणी आणून दिलं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कदाचित विश्वास बसला असता रे. आधी गुपचूप जिंकवलं आणि नंतर कारण पुढे केलं, त्यांनी तरी काय समजावं?

काल त्यांनी वस्तरा आणि कात्र्या पुसून, कापडात गुंडाळून माझ्याकडे दिल्या. सकाळी दुकानात येता येता मी ते सगळं कारागिराला देऊन आले. खिडकीजवळच्या खुर्चीवर नवा माणूस बसलाय, हात बरा आहे त्याचा.

बाबांनी तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय की यंदाचा खेळ फार सुंदर आहे, मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्या वर्षीचाही पाठव.

तुझ्यावर माझा राग नाही, माझ्यावर तुझा नसू दे. पण गोट्या, एवढं तू तरी खरं मान. मी जिंकायला खेळले होते.

तुझी,
ताई