ठमीच्या पोटातला आवाज

ता. ४ मार्च

चि. विसराळू नातीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुला एक आजी होती, दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची, हे आठवत असेल तर पुढे वाच. नसेल तर पाकीट शेजारच्या कॉटवरच्या मुलीला देऊन टाक, तिला आजी नसेल तर उपयोगी पडेल. फोन करते म्हणू नकोस. फोनवर तू नुसती हो-हो करत जिना उतरत असतेस. पत्राला निदान बूड टेकून बसावं लागतं.

माझा आणि अक्षरांचा जन्माचा अबोला, तेव्हा नेहमीसारखी मी बोलते आहे आणि खालचे कंपाउंडर लिहिताहेत. त्यांचं अक्षर फक्त औषधाच्या दुकानात लागतं. पत्र समजलं नाही तर तिथे दाखव, खोकल्याची बाटली तरी मिळेल. (अक्षर स्वच्छ आहे. आजी सगळं परत वाचून घेतात, म्हणून हेही लिहावं लागलं. – कंपाउंडर)

इकडे एक नवल चाललं आहे. परवा पोस्टमन पत्र नसताना वर आला आणि मांजर कुठे आहे म्हणून विचारलं. काल कॉलेजातल्या दोघी मुली जिना चढून आल्या. त्यांनी ठमीबरोबर फोटो काढले आणि मला म्हणाल्या, आजी, काहीतरी बोला ना. मी म्हटलं, काय बोलू, जाताना दार ओढून घ्या. तर एवढ्यावर त्या कठडा धरून हसत सुटल्या. ठमी पेटीवर बसून नेहमीसारखी एक डोळा अर्धा मिटून बघत होती, जणू आपणच जगावर उपकार केलेत. आता ती शेफारली आहे. कालचं दूध तिने नुसतं हुंगून सोडलं.

तिने असं काय केलं ते मला कोणी सांगत नाही. कंपाउंडर म्हणतात, नातीला विचारा. तुझ्या खेळण्यांच्या कारखान्यात म्हणे तिच्यासारखी मांजरं शिवताहेत. खरं का? आत काय भरता? हाडं नसताना ती बसते कशी? आणि एक डोळा अर्धा मिटलेला शिवायचा तर कुठे थांबायचं ते कोण ठरवतं? सगळं सविस्तर लिही. मी इथे कुतूहलाने अर्धी झाले आहे, आणि उरलेल्या अर्धीला गुडघेदुखी आहे.

लोभ आहे तसा राहू दे, वरून थोडा घालत जा.
तुझी,
आजी


ता. १२ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

खोकल्याची बाटली मिळाली नाही, पत्र लागलं. कंपाउंडरकाकांना नमस्कार सांग.

खरं आहे. मी घरून निघाले त्या दिवशी फोनवर ठमीचं चित्रण केलं होतं. ती पेटीवर पाठ करून बसली आहे, मागून तुझं बोलणं ऐकू येतं आणि ती हळूच मान वळवून तो डोळा करते. एवढंच आहे. मी ते इथल्या एका मैत्रिणीला दाखवलं, तिने मागून घेतलं, तिने आणखी कोणाला दिलं, आणि मग ते माझ्या हातात राहिलं नाही. लोकांना वाटतं, एक म्हातारी आपल्या मांजराशी भांडते आहे आणि मांजर रुसलं आहे. ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. कोणी कामावरून लवकर निघालं की मागून लोक तुझ्या आवाजात बोलतात.

आता कारखान्याने ठमी करायला घेतली आहे. मी अजून भराईच्या टेबलावर आहे. आत कापसासारखा कृत्रिम तंतू भरतो. हाडं नसतात, पण बुडाशी प्लॅस्टिकच्या मण्यांची पिशवी घालतो, म्हणून ती बसते. डोळ्याचं विचारलंस, तर तेच सगळ्यांना जमत नव्हतं. पापणी जरा वर गेली की ठमी बावळट दिसते, जरा खाली आली की आजारी. जेवणाच्या सुटीत मी एक पापणी शिवून पाहिली. सुपरवायझरबाईंनी ती बराच वेळ बघितली आणि विचारलं, तू हिला ओळखतेस का. मी सांगितलं, आमच्याच घरची आहे.

तर गोष्ट अशी. पोट दाबलं की तुझा आवाज यावा अशी त्यांची इच्छा आहे. चित्रणातलाच, जसा आहे तसा. त्यासाठी तुझी परवानगी हवी, कागद सोबत जोडला आहे, खाली अंगठा लागेल. बाई म्हणाल्या, परवानगी आणलीस तर तुला नमुन्याच्या टेबलावर घेते. तिथे नव्या खेळण्यांची पहिली प्रत शिवतात, आजी. भराईत दिवसभर पोटंच दिसतात, तिथे तोंडं करायला मिळतात. मला ते फार हवं आहे.

तुझ्या लोभावर वरून घालायला मजकडे तूर्त एवढंच.
तुझी,
नात


ता. २१ मार्च

चि. पापणीवालीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र कंपाउंडरांनी दवाखान्यात मोठ्याने वाचलं, त्यामुळे आता सगळ्या रोग्यांना तुझी बढती माहीत आहे. एक दाढदुखीवाला तर गाल धरून अभिनंदन करून गेला.

मग मी चित्रण लावायला सांगितलं. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं मी कोणाशी बोलत होते. ठमीशी मी कधीच एवढं बोलत नाही, ती पात्रतेची नाही. तू बॅग घेऊन दारात उभी होतीस आणि माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून फोन धरून मांजराकडे बघत होतीस. मी म्हटलं, जायचं तर जा, तोंड फिरवून कशाला उभी राहतेस, मी काही रडणाऱ्यातली नव्हे. आणि शेवटी म्हटलं, निदान दोन घास खाऊन जा. तू खाल्ले नाहीस. मांजराने मात्र मान वळवली, आणि श्रेय तिने घेतलं. करून गेलं गाव नि ठमीचं नाव.

आता तुझ्या कामाचं. आधी मी विचार केला, त्यांना दुसरं काही देऊ. कंपाउंडरांनी फोन धरला आणि म्हणाले, आजी, मांजराला रागवा. ठमी गाढ झोपलेली. निजलेल्या जिवाला काय रागवू? ते म्हणाले, समजा तिने दूध सांडलं. मी म्हटलं, सांडलेलं नाही. ते म्हणाले, पण समजा. असं समजा-समजा इतकं झालं की मी त्यांच्यावरच उखडले, आणि ते उत्तम उतरलं आहे. पण त्यात त्यांच्या टकलाचा उल्लेख असल्याने विकता येणार नाही. (मीही परवानगी दिलेली नाही. – कं.)

तेव्हा जुनंच घ्या. तुझ्यावर रागावले ते सगळं घ्या. जगातल्या नातींना ते लागूच पडेल आणि ठमीलाही पडेल. पण शेवटचं वाक्य नाही. राग काय, तो मी रस्त्यावरच्या माणसालाही देते. ते वाक्य मी तुला म्हटलं होतं. कोणीही पोट दाबावं आणि मी त्याला जेव म्हणावं, हे मला जमायचं नाही. न जेवलेली तू एकटीच आहेस.

अंगठा लावला आहे. त्याच्या वरती ही अट कंपाउंडरांनी लिहिली आहे आणि मी तीनदा वाचून घेतली आहे. तुझं टेबल यात अडकलं आहे, ते मला कळतं. सांगून बघ.

रागावलीस तर रागाव, पण पत्रात रागाव.
तुझी,
आजी


ता. ५ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगून पाहिलं. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, परत वाचला. म्हणाल्या, लोक हसतात ते शेवटच्या वाक्याला. त्याच्या आधी ती नुसती रागीट बाई आहे, पुढे ती आजी होते. त्यांचंही चुकत नव्हतं. आम्ही शेवट कापून ऐकला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, ही मांजर विकत घेऊन शिव्या कोण खाईल.

मग त्यांनी एका आवाज देणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी तेच वाक्य गोड म्हटलं, करडं म्हटलं, खोकून म्हटलं. प्रत्येक वेळी मागून आता साबणाची जाहिरात लागेल असं वाटत होतं.

शेवटी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, म्हातारीला वाचता येत नाही ना, तू समजावून सांग, एक कागद आणखी पाठव, ती अंगठा देईल. वाईट मनाने नाही म्हणाल्या, माल अडकला होता. आणि आजी, तू दिलाही असतास. मी नुसतं लिहिलं असतं की फार गरज आहे, तर कंपाउंडरकाकांना ओरडत का होईना, दिला असतास. म्हणूनच मला लिहिता येईना. मी त्यांना म्हटलं, ते वाक्य तिने मला दिलंय, आता ते माझं आहे, आणि मी देत नाही.

ठमी आता बिनआवाजाची निघते आहे, ठरल्यापेक्षा कमी नग. पापणी माझीच ठेवली आहे. नमुन्याच्या टेबलावर दुसरी मुलगी गेली. हात चांगला आहे तिचा, मला वाईटही बोलता येत नाही. मी भराईलाच आहे.

त्या दिवशी मी उपाशी निघाले, कारण बसले असते तर उठले नसते. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

एक ठमी पाठवते आहे. मीच भरली आहे, म्हणून बुडाशी मणी जरा जास्त आहेत.

तुझ्या लोभाची राखण करणारी,
नात


ता. १६ एप्रिल

चि. हट्टी नातीस,
अ. उ. आ. वि. वि.

ठमी पोचली. खऱ्या ठमीसमोर ठेवली. तिने बराच वेळ हुंगलं, पंजाने कानफटात देऊन पाहिली, नकली पडली नाही तेव्हा खरी पाठ करून बसली. मग हळूच मान वळवली आणि तोच डोळा केला. दोघी एकमेकींकडे तशाच बघत होत्या. कंपाउंडरांना हसून उचकी लागली, आणि त्यांना तिच्यावर औषध सापडेना.

आता मी ती खाली दवाखान्याच्या बाकावर ठेवली आहे. रोगी नंबर येईपर्यंत मांडीवर घेतात. सगळेच पोट दाबतात, काही येत नाही, मग जरा वेळाने पुन्हा दाबतात. सुईला घाबरणारी एक बाई तिला इंजेक्शन संपेपर्यंत धरून होती, जाताना मला विचारलं, ही बोलत का नाही. मी म्हटलं, घरी बोलते.

तुझं टेबल गेलं, याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस वाटत होतं की आपण एका वाक्यासाठी पोरीचं नुकसान केलं. कंपाउंडरांना म्हटलं, लिहा, घेऊन टाका म्हणावं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे मी लिहिणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी उलट उत्तर दिलं. (लिहिलं नाही. – कं.) मग तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं, ते माझं आहे, मी देत नाही, ही ओळ आली, आणि मी गप्प बसले. तुझ्या सुपरवायझरबाईंना कळव की मी बोलायची थांबते हे सहसा घडत नाही.

तुझी ती पापणी त्यांनी ठेवली ना, मग त्यांना तुझा हात लागणारच. पुढच्या कोणत्या जनावराचं तोंड अडलं की बोलावतील. तोवर पोटं भरत राहा, वाईट काम नाही, मी जन्मभर तेच केलं.

रजा कधी मिळते ते विचार. मिळाली की कळव, म्हणजे गादी उन्हात घालते. तसंच लोकांच्या हाती मला खाऊचे डबे पाठवायचा तुझा विचार आहे असं तुझ्या मैत्रिणीकडून कंपाउंडरांना कळलं. त्याबद्दल सांगून ठेवते. सफरचंदं नकोत, माझ्या दातांना ते दगड. केळी वाटेत काळी पडतात. मऊ बिस्किटं पाठव, साखर वर न लावलेली, आणि एक पुडा वेगळा बांध, त्यावर कंपाउंडरांचं नाव घाल, नाहीतर ते माझेच खातात. ठमीला सुकी मासळी, कागदाच्या दोन घड्यांत. आणि हे सगळं कोणाच्या हाती देऊ नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझी,
आजी