एक प्रत दुसऱ्या घरी

४ जानेवारी

चि. इंजिनीअरबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. सवयीने ‘चि. सौ.’ लिहायला गेलो आणि पेन अडलं. तू आणि माझे चिरंजीव वेगळे झालात त्याला दोन वर्षं झाली. आता मी तुझा सासरा लागत नाही, पण मग कोण लागतो हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. फोन केला असता, पण कानात यंत्र घालूनही फोनमधलं मला निम्मंच कळतं.

काम असं आहे. तुझ्या ऑफिसने टाकून दिलेला तो सर्व्हर तू आणून बसवलास, तो अजून हॉलमध्ये चालतोय. स्टुडिओ बंद केल्यापासून चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह मी रोज थोड्या थोड्या स्कॅन करून त्यात टाकतो. ओल लागून चिकटलेल्या निगेटिव्ह नंतर फेकाव्याच लागतात. म्हणजे आता जे काही आहे ते त्या सर्व्हरच्या पेटीतच. गेल्या आठवड्यात एक सुतार आला होता. भाऊ वारला आणि घरात त्याचा एकही फोटो नाही म्हणाला. दुपारभर शोधला तेव्हा सापडला, शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला. फोटो हातात घेऊन तो बराच वेळ स्टुलावर बसून होता. मीही त्याला उठवलं नाही.

पण पेटीतली जागा संपत आली आहे. शिवाय खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. त्या रात्रपाळी करून दिवसा झोपतात. तुमच्याकडे दिवसभर गिरणी चालते का, असं विचारलंय. मला ऐकूच येत नाही, मी काय सांगणार! टेबलावर हात ठेवला की थरथरतं, तेवढं कळतं. चिरंजीव म्हणतात, सगळं इंटरनेटवर भाड्याच्या जागेत टाका. त्याला ‘बघतो’ म्हटलं, आणि तुला विचारतोय.

बाकी मी बरा आहे. एक कप, एक ताट, घासायला फार काही नसतं.

राग नसेल तर उत्तर लिही. असेल तरी लिही.

बाबा


१५ जानेवारी

ती. बाबांच्या सेवेशी सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात टेबलाशी वाचलं, मग जिन्यात जाऊन पुन्हा वाचलं. राग कसला, बाबा?

नर्सबाईंचं खरं आहे. त्या पेटीतले पंखे तळहाताएवढेही नाहीत, म्हणून त्यांना जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. ऑफिसातल्या बंद खोलीत ठेवायची वस्तू मी घरात आणली, चूक माझी. आता आठ कप्प्यांची पेटी घ्या. तिचे पंखे मोठे आणि संथ असतात, आणि डिस्कखाली रबराच्या चकत्या असतात. जागा संपली की रिकाम्या कप्प्यात आणखी एक डिस्क सरकवायची, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. जुन्यासारखाच यातही एका डिस्कवर बाकीच्यांच्या बेरजेचा ताळा राहतो. कुठलीही एक डिस्क गेली तरी तिच्यावरचं परत मांडता येतं. पण एकच. दोन गेल्या तर नाही.

काय काय घ्यायचं त्याची यादी सोबत जोडली आहे. जुन्या पेटीला स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर करा. वेळ लागेल, लागू द्या.

माझी खोली ठीक आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. रविवारी मी ऑफिसचंच काम घेऊन बसते. रविवारचं दुसरं काय करायचं, ते अजून जमलेलं नाही.

कानातल्या यंत्राचे सेल वेळेवर बदलत जा. विसरता तुम्ही.

तुमची,
इंजिनीअर


११ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाईस आशीर्वाद.

माझ्या हातून घोळ झाला.

पेटी आली. नर्सबाईंनीच एका बाजूने धरून जिन्यातून वर आणली. नक्कल करायला लावली तर पडद्यावर एकोणीस तास दाखवायला लागलं. चार तास वाट पाहिली आणि बंद केली. जुन्या पेटीत एका डिस्कचा दिवा लाल होता. म्हटलं ही आधी बदलू, ताळा तर आहेच. नवी डिस्क घातली, ताळ्यावरून ती भरायला लागली आणि अर्ध्यावर दुसऱ्या डिस्कचाही दिवा लाल झाला. आता एकही फोल्डर दिसत नाही.

चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, जरा थांबा, हलू नका. मला स्वतःला एक दिवस थांबवलं नाही.

सुतारासारखं उद्या कुणी दारात आलं तर काय सांगू? चिरंजीवाला कळवलेलं नाही. तू रागावणार असशील तर रागावून घे.

बाबा


१५ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

पेटी बंद करा, वायर काढा आणि कशालाही हात लावू नका. मी शनिवारी सकाळच्या बसने येते. दार नुसतं लोटून ठेवा, बेल तुम्हाला ऐकू यायची नाही.

रागावलेली नाही. जेवत जा.

इंजिनीअर


२४ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाईस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस ना? दोन दिवस तू फरशीवर मांडी घालून त्या आजारी डिस्कवरून एकेक फोटो उतरवून घेत होतीस, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. हजारोंतले तीनशे बारा गेले. त्यांची नावांची यादी केलीस, ती मी रोज वाचतो. कुणी विचारत आलं तर निदान नाव तरी सांगता येईल.

काल नर्सबाई वर आल्या होत्या. गिरणी विकलीत का, विचारत होत्या. तू बसवलेली नवी पेटी दाखवली तर कान लावून बघितला आणि हसल्या.

आता माझा प्रश्न. रविवारी चिरंजीवाचा फोन आला आणि मला कळत नाही म्हणून तू घेतलास. खिडकीकडे तोंड करून उभी होतीस. नंतर म्हणालीस, तुमच्या गोळ्यांची चौकशी करत होता. अगं, लोकांचे खांदे सरळ करण्यात माझा जन्म गेला. गोळ्यांच्या चौकशीने कुणाचा खांदा असा पडत नाही.

खरं काय ते लिही.

बाबा


६ मार्च

ती. बाबांच्या सेवेशी सा. न. वि. वि.

तुमच्यापासून लपवायला गेले हेच चुकलं.

तो मे महिन्यात लग्न करतोय. तुम्हाला स्वतः कळवणार आहे, तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखं करा. मी त्या घरात येत राहिले तर येणारीला अवघड होईल, एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट दोनदा माफी मागितली. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, म्हणूनच जास्त लागलं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हा आता माझं येणं होणार नाही. एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे. सगळ्या डिस्क ठीक आहेत, अशी एक ओळ तुमची पेटी रोज सकाळी मला पाठवते. चहा घेताना ती वाचते. तुमच्याबद्दल तीत काही नसतं, पण पेटी चालू आहे म्हणजे तुम्ही घरी आहात, असं मी धरून चालते. नको असेल तर सांगा, बंद करेन.

प्रकृतीला जपा.

तुमची,
इंजिनीअर


१७ मार्च

चि. इंजिनीअरबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

ती ओळ बंद करायची नाही.

चिरंजीवाचं पत्र आलं. त्याला आशीर्वाद कळवले, मनापासून. मुलगी शिक्षिका आहे. तिला या घरात अवघड वाटू नये, हे मलाही मान्य आहे. पण पत्र टाकून आल्यावर दिवसभर या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरत होतो. कुणाशी बोलावं तर कुणी नाही.

मग त्या पेटीचं पुस्तक काढून वाचत बसलो. त्यात स्पष्ट लिहिलंय, आग लागली, पाणी शिरलं तर पेटीतला ताळा कामाचा नाही, एक प्रत दुसऱ्या घरात असावी. नर्सबाई म्हणाल्या, माझ्याकडे ठेवा. मी म्हटलं, तुमचं घर याच इमारतीत.

चिरंजीवाला सरळ लिहून टाकलं, की एक प्रत इंजिनीअरबाईच्या घरी राहील, ती मी स्वतः पोचवीन आणि दर सहा महिन्यांनी बदलून आणीन. त्याचं उत्तर नाही. येईल तेव्हा येवो.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळच्या बसचं तिकीट काढलंय. डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसेन. रविवारपर्यंत राहीन म्हणतो, तुला चालत असेल तर. बसस्टँडवर काय पुकारतात ते मला कळत नाही. तेव्हा मला लांबून दिसशील अशी उभी राहा.

बाबा