शहाणं जेवण

१२ जून, गुरुवार

काल संध्याकाळी जेवताना झालं ते, क्रमाने —

१. खुशबूच्या हातून वरणभाताची वाटी कलंडली.
२. कोणी रागावलं नाही. मी फडकं आणायला उठले.
३. परत आले तेव्हा ती सतरंजीवरची शितं एकेक वेचून तोंडात टाकत होती.
४. तिचा डावा हात रंजूच्या ताटावर आडवा धरलेला. धाकटी रंजू, ताई जेवू देत नाही म्हणून रडत होती, तरी हात हलेना.
५. मी वाकले तशी खुशबू म्हणाली, "मीच सांडवलं. रंजूनं नाही."

पाच वर्षांची पोर! महिनाभर आसगावला मोठ्या दिरांकडे राहून रविवारी वरठीला परतली. आधी घरभर घास घेऊन पळायची. आता हात धुऊन मांडी घालते, तोंड मिटून चावते, वाढलेलं संपवते. दुसऱ्यांदा मागत नाही.

तिचा बाप वीरेंद्र खूश. "पाह्य, किती शहाणी झाली! आपल्याले जमलं नाही ते वहिनीनं करून दाखवलं."

मलाही आनंद व्हायला हवा. होत नाही.

१३ जून

आंघोळ घालताना तिचं सगळं अंग पाहिलं. पाठ, मांड्या, तळहात, कानामागे. वळ नाही, डाग नाही.

लॅबमध्ये पोलादाच्या तुकड्यात तडा दिसला नाही, तर मी रिपोर्टात 'तडा नाही' असं लिहीत नाही. 'दिसला नाही' असं लिहिते.

२३ तारखेला शाळा उघडतात. तिचं नाव आसगावलाच घालायचं ठरलंय. आमच्या दोघांच्या शिफ्ट. रंजूला शेजारच्या गिरजाबाई सांभाळतात, दोघी त्यांना झेपत नाहीत. वीरेंद्रला काय सांगू? पोर नीट जेवते म्हणून पाठवायची नाही?

१५ जून, रविवार

गिरजाबाई दुपारी आमच्याकडेच जेवल्या. खुशबूकडे पाहतच राहिल्या. "अवं बाई, काय वळण हाये पोरीले! माह्या नातवालेही पाठवतो आसगावले. तो मेला ताटात पाय घालते." सगळे हसले. खुशबू हसली नाही. ती रंजूच्या ताटाकडे बघत होती.

त्या गेल्यावर विचारलं, "मोठी आई रागावायची का गं?"

"मले नाही."

पुढे विचारायला हवं होतं. नाही विचारलं. उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही — हे इथेच लिहिते, दुसरीकडे कबूल करणार नाही.

१७ जून

झोप नाही. कामावर एक माप दोनदा चुकलं.

१८ जून, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत शुभांगीताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या जावेला, फोन केला. सहज विचारल्यासारखं — खुशबूला जेवायला कसं शिकवलंत?

त्या हसल्या! काही लपवलं नाही. "त्यात काय अवं! तुह्या पोरीले मी हात कशी लावू? उद्या तूच म्हणशीन, जावेनं मारलं. तिनं सांडवलं, का मी आमच्या हर्षाचं ताट उचलो. दोन-तीनदा हर्षा उपाशी झोपली, मंग तुही पोरगी आपोआप सुधरली. दोघीचा एकमेकीवर लय जीव."

हर्षा त्यांची स्वतःची मुलगी. सहा वर्षांची.

"आणखी काय शिकवू ते सांग. सोमवारी येतेच ना ती?"

मी "बरं" म्हणाले. बरं! आणि फोन ठेवला. जिन्यात उभी राहिले. रंजूच्या ताटावरचा तो आडवा हात आता कळला.

घरी वीरेंद्रला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घराघरात असंच चालते, तृप्ती. दुसऱ्याच्या लेकराले मारता येत नाही, तर आपल्याले मारतात. माह्या मायनंही मलेच मारलं, पाहुण्याच्या पोरापायी." मी म्हणाले, खुशबू जाणार नाही. वाद घातला नाही त्याने. "नको पाठवू. शिफ्टचं पाहू काहीतरी. आता तं भीती गेली ना तुई?"

हो म्हणाले. वाटलं, गेली.

१९ जून, गुरुवार

सकाळी खुशबूला सांगितलं, तू इथेच राहणार. ती रडायला लागली. "मले जाऊ दे, आई. मी आता सांडवत नाही. बंटी येऊन राहिला ना तिथं राहाले, मोठ्या आईच्या बहिणीचा. तो लय सांडवते. मंग हर्षाचं ताट कोण धरन?"

शुभांगीताईंना पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा —

ताई, हर्षाला शाळेसाठी आमच्याकडे ठेवून घ्यायचं आहे. मी स्वतः न्यायला येते. हो की नाही ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.