हाताला हलका लागणारा तारा

बाबा, आज तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठून पुन्हा बसले आहे. सकाळपासून दोनदा चहा गार झाला. कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. एक तारा आहे, पिवळसर, इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. इथे अमरावतीच्या कॉलेजात मी मुलांना शिकवते, त्यांच्या प्रकल्पासाठी मीच तो निवडून दिला. काल वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, रंग तर आपल्या सूर्यासारखाच आहे. मग हा उतरणीला लागला हे कशावरून?" मी फळ्याकडे वळले आणि ताऱ्याचा गाभा काढायला घेतला.

उत्तर मला पाठ आहे. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलेला असतो. गाभा आकसत जातो, भोवतीच्या थरात तेवढं जळत राहतं, आणि बाहेरून तारा फुगतो, आधीपेक्षा उजळ होतो. बघणाऱ्याला वाटावं, याचं बरं चाललंय. पण त्याचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांत फोडून पाहिला की कळतं, पृष्ठभागावरची ओढ कमी झाली आहे. आकाराच्या मानानं तो हलका आहे. हे सांगता सांगता तोंडून निघून गेलं, "डोयानं नाई, हातानं पाय." वर्ग हसला. मी तास लवकर सोडला.

डोळ्यांनी नाही, हातानं पाहा, हे वाक्य तुमचं. तिवशाजवळच्या आपल्या बागेत संत्र्यांचा ढीग पडलाय, बाया निवडायला बसल्यात, आणि दहा वर्षांची मी सगळ्यात मोठी, पिवळीधमक फळं वेचून कॅरेटमध्ये वर मांडते आहे. तुम्ही त्यातलं एक उचलता, तळहातावर तोलता आणि सगळ्यांदेखत सोलता. साल केव्हाच सुटलेली, आतल्या फोडी वाळलेल्या. "मोठं दिसते म्हून घेऊ नोको. डोयानं नाई, हातानं पाय. हलकं लागते का नाई?" बाया हसल्या, आणि मला इतका राग आला की दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही एक लहानसं, डागाळलेलं संत्रं माझ्या हातात ठेवलंत. चांगलं वजनदार होतं. तसं गोड फळ मी नंतर कधी खाल्लं नाही.

आणि मग अकोला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, तुम्ही वसतिगृहाच्या फाटकापाशी उभे, दोन एसट्या बदलून आलेले, हातात संत्र्यांची थैली. चेहरा भरलेला, गाल वर आलेले. मी म्हटलं, "बाबा, लयच सुदरले तुमी." तुम्ही म्हणालात, "तुया मायच्या हातचं खाऊन राहिलो." चपलेचे पट्टे पायात रुतले होते. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुम्हीही पाहिलंत. मग उगाच रस्त्याकडे बघत म्हणालात, "इथं एखांद्या डॉक्टरले दाखवतो म्हनलं. मले इथलं काई समजत नाई. तुले येळ असन त चाल."

"आज प्रॅक्टिकल हाये, बाबा."

"मंग राहू दे. अब्यास कर."

थैली देऊन तुम्ही पुढच्या एसटीनं परत गेलात. ती सूज होती, मूत्रपिंडं निकामी झाल्याची, हे कळेपर्यंत उशीर झाला होता, तीन महिन्यांत तुम्ही गेलात. सगळे म्हणाले, कोणाले काय मालूम, माणूस त चांगला सुदरेल दिसे. इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले. हातात घेऊन फळ ओळखणाऱ्या माणसाची मी मुलगी, आणि त्या दिवशी तुमचा हातही हातात घेतला नाही.

हा कागद मी तिवशाला नेणार नाही. तिथं राहणाऱ्या भावानं वाचलेला मला सोसणार नाही. पण तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी होतं, बाबा. त्या दुपारी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं ठरलं होतं. तुमची संत्री आम्ही तिथंच, थेटरात बसून खाल्ली.